पत्ता म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत

संगणकावर 'सातबारा' या नावाची फाईल करता येते, '७/१२' या नावाची करता येत नाही. विंडोज हे नाव सरळ नाकारते. लिनक्सला एखाद्या प्रोग्रॅममधून ते दिले तर त्याला त्यात एक नाव दिसतच नाही, दोन दिसतात: '७' नावाचे फोल्डर आणि त्याच्या पोटातली '१२' नावाची फाईल. असे फोल्डर नसले की ते तक्रार करते. मॅकच्या पडद्यावर मात्र ७/१२ असे नाव खुशाल ठेवता येते, पण आतल्या नोंदीत तिरक्या रेघेच्या जागी गुपचूप अपूर्णविरामाचे चिन्ह जाऊन बसते. उतारा एकच, जमीन एकच, आणि तीन तलाठ्यांचे तीन जबाब!

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. कविता, प्रवासवर्णन, फार तर हुंड्यावर एखादा लेख, अशी आपल्या अंकाची रीत आहे. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्यालाही शाखेबाहेरचे विषय घ्यावे लागतात आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आली आहे. इतिहासाचा विद्यार्थी सनावळ्यांची यादी लावण्यासाठी, मराठीचा विद्यार्थी एखाद्या कादंबरीतले शब्द मोजण्यासाठी आज पायथनकडे वळतो आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र ही भाषा आपल्याला ज्या पद्धतीने शिकवली जाते, तिच्यातल्या एका उणिवेविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे.

माझे म्हणणे असे की, फाईलचा पत्ता हा साधा मजकूर समजून शब्दाला शब्द चिकटवून तयार करण्याची सवय आपल्याला पहिल्याच तासाला लावली जाते, आणि ती सवय घातक आहे. अशा रीतीने लिहिलेला प्रोग्रॅम ज्या यंत्रावर लिहिला त्याच यंत्रावर चालतो. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला याचे काही वाटत नाही, त्याचे यंत्र बदलतच नाही. पण आपल्या वर्गात असे किती जण आहेत? बाकीच्यांनी सकाळी लॅबमधल्या विंडोजवर काम करायचे, दुपारी मित्राच्या लिनक्सवर, रात्री मोबाईलवर. ज्याला रोज दुसऱ्याच्या यंत्रावर बसावे लागते, त्याचा प्रोग्रॅम कुठेही चालला पाहिजे. तो जर दर वेळी पत्त्यापाशीच अडू लागला, तर विद्यार्थ्याला वाटते की आपल्यालाच हे जमत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. 'आपल्याला जमत नाही' हे वाक्य आमच्यासारख्यांच्या मनात किती लवकर उगवते, ते मी चांगले जाणतो.

आता पत्ता म्हणजे काय ते पाहू. पोस्टाचा पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो: मु. पो. अमुक, ता. कोरेगाव, जि. सातारा. संगणक उलटा लिहितो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी घर. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींना याहून जवळचे उदाहरण म्हणजे सर्व्हे नंबर. ४५/२/१ असे लिहिले की आपल्याला कळते, सर्व्हे नंबर पंचेचाळीस, त्यातला हिस्सा दोन, त्याचा पुन्हा पोटहिस्सा एक. यातली तिरकी रेघ ही अक्षर नसते, ती हद्द असते. ४५२१ असे लिहिले तर अंक सगळे तेच राहतील, पण जमीन कोणाची ते सांगता येणार नाही. संगणकाच्या पाथमधली रेघ अगदी हेच काम करते. म्हणून पाथकडे मजकूर म्हणून न पाहता तुकड्यांची क्रमवार रचना म्हणून पाहिले पाहिजे. मधली खूण कोणती, हा प्रश्न नंतरचा.

ही खूण मात्र सर्वांनी एकच ठेवली असती तर बरे झाले असते. ती का ठेवली गेली नाही याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स या यंत्रणेत फोल्डरांच्या मध्ये '>' असे चिन्ह घालीत. त्या कामातून बाहेर पडलेल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स उभारले आणि त्यात '/' ही रेघ घेतली. लिनक्स, अँड्रॉइड आणि २००१ पासूनचे मॅक ही सारी त्याच घराण्याची म्हणता येतील. त्यापूर्वीच्या मॅकमध्ये अपूर्णविराम होता, आणि ७/१२ च्या बाबतीत मॅक जो दुटप्पीपणा करते तो त्या जुन्या काळाचा अवशेष आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉसचा मार्ग वेगळा झाला. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाईली एका गोणीत. '/' हे चिन्ह तिथे आज्ञेपुढे पर्याय लिहिण्यासाठी आधीच वापरात आले होते. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ मोकळी नव्हती, म्हणून तिची उलटी बहीण '\' घेतली गेली. दोन वर्षांच्या उशिराचे फळ आपण चाळीस वर्षांहून अधिक काळ चाखतो आहोत.

या उलट्या रेघेचीही एक हकिकत आहे. बॉब बेमर या अमेरिकन तज्ज्ञाने १९६१ मध्ये ती संगणकाच्या प्रमाण चिन्हमालेसाठी सुचवली. सुलटी आणि उलटी रेघ शेजारी ठेवून अल्गोल भाषेतली 'आणि' व 'किंवा' यांची चिन्हे, म्हणजे /\ आणि \/, तयार करता यावीत एवढाच त्याचा हेतू होता. फोल्डरांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. जपानमध्ये तर त्यांच्या चिन्हमालेत या रेघेच्या जागेवर येनचे चिन्ह बसवले गेले, त्यामुळे तिथल्या विंडोजवर फोल्डराफोल्डरांच्या मध्ये पैशाचे चिन्ह दिसत आले आहे!

पुढची अडचण सी भाषेने केली, आणि पायथनने ती तशीच उचलली. या भाषांत अवतरणचिन्हांतल्या मजकुरात उलटी रेघ आली की तिच्या पुढचे अक्षर शब्दशः घ्यायचे नसते. उलट्या रेघेपुढे इंग्रजी लहान एन म्हणजे नवी ओळ, टी म्हणजे मोठी मोकळी जागा. आता विंडोजवरचा पत्ता जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये उतरवला आणि एखाद्या फोल्डरचे नाव 'न्यू' असे इंग्रजी एनने सुरू झाले की पत्ता मध्येच दोन ओळींत तुटतो. याहून वाईट म्हणजे विंडोजवर प्रत्येक वापरणाऱ्याचे घर 'यूझर्स' नावाच्या फोल्डरात असते. ते मोठ्या यू अक्षराने सुरू होते, आणि उलटी रेघ व मोठा यू हे पायथनमध्ये 'पुढे आठ आकड्यांत एखाद्या चिन्हाचा क्रमांक येत आहे' असे सांगण्याचे संकेत आहेत. तसा क्रमांक सापडत नाही आणि पायथन एक अगम्य वाक्य पडद्यावर टाकून थांबते. म्हणजे नवशिक्याने आपल्या फाईलचा जो पहिला पत्ता नकलून आणावा, तोच त्याला दारात अडवतो. अवतरणाआधी इंग्रजी आर लिहा म्हणजे झाले, असा तोडगा सांगितला जातो. तो चालतो. पण का चालतो हे कोणी सांगत नाही, आणि त्या आरने यंत्र बदलल्यावरचा प्रश्न तर मुळीच सुटत नाही.

यंत्र बदलले की काय होते? माझ्या पाहण्यातल्या एका शिकवणीच्या छापील टिपणात प्रत्येक उदाहरणाचा पत्ता 'डी' ड्राइव्हपासून सुरू होतो. ज्या संगणकाला डी ड्राइव्ह नाही तिथे ती सगळी पाने निरुपयोगी. पेनड्राइव्हवर काम ठेवणाऱ्याची कथा तर विचारूच नका. लॅबमध्ये पेनड्राइव्हला ई अक्षर मिळते, झेरॉक्सच्या दुकानात जी मिळते, आणि लिनक्सवर अक्षर नावाची वस्तूच नसते. प्रोग्रॅम तोच, माहिती तीच, पेनड्राइव्हही तोच. तरी 'फाईल सापडत नाही'.

निदान अशा वेळी प्रोग्रॅम थांबतो तरी. जिथे तो थांबत नाही तिथे अधिक धोका आहे. समजा, आपल्या महाविद्यालयाने परिसरातल्या जात्यावरच्या ओव्या जमवायचे ठरवले. हे काही अशक्य स्वप्न नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या जगापुढे येऊ लागल्या. आपण त्याच्या शतांश जमवू. जिल्ह्याचे फोल्डर, त्यात तालुक्याचे, त्यात प्रत्येक गावाची एक फाईल, अशी मांडणी करू. मग जिल्हावार ओव्या मोजण्यासाठी कोणी विद्यार्थी पत्ता उलट्या रेघेपाशी तोडून पहिला तुकडा जिल्हा म्हणून घेईल. लॅबमध्ये उत्तर बरोबर येईल. लिनक्सवर त्या पत्त्यात उलटी रेघच नसल्यामुळे तो तुटणार नाही आणि पहिला तुकडा म्हणजे अख्खा पत्ता ठरेल. प्रत्येक गाव हा स्वतंत्र जिल्हा! प्रोग्रॅम कुरकुर न करता तक्ता छापून मोकळा होईल, आणि आकड्यांवर विश्वास ठेवण्याची आपल्याला सवय असल्यामुळे तो तक्ता कदाचित प्रकल्पाच्या वहीतही जाईल.

या साऱ्यावर उपाय नाही असे मुळीच नाही. पायथनमध्ये पत्ते जोडण्या-तोडण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतो आहे तिथली रेघ ती आपोआप निवडते. पुढे आंत्वान पित्रू यांच्या प्रस्तावावरून २०१४ च्या ३.४ या आवृत्तीत 'पाथलिब' नावाचा स्वतंत्र भाग आला, आणि त्यात पत्ता हा मजकूर न राहता खरोखरची वस्तू झाला. त्याला विचारता येते: तुझे शेवटचे नाव काय, तुझ्या वरचे फोल्डर कोणते, तुझे तुकडे कोणते, तू अस्तित्वात आहेस का. सुरुवातीला एक त्रास होता. पाथलिबने तयार केलेला पत्ता फाईल उघडणाऱ्या नेहमीच्या आज्ञेला कळत नसे, त्याचे पुन्हा मजकुरात रूपांतर करून द्यावे लागे. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ३.६ मध्ये तोही मिटला. म्हणजे आज 'ही सोय नवीन आहे, अजून रुळलेली नाही' असे कारण कोणाला देता येणार नाही.

पाथलिबमध्ये दोन तुकडे जोडण्यासाठी भागाकाराचे चिन्ह वापरतात. भागाकाराने जोडायचे, हे ऐकून आमच्या वर्गात हशा पिकला होता. गणिताच्या शिक्षकांना ते रुचणार नाही. मला विचाराल तर ते चिन्ह अगदी योग्य आहे, कारण सर्व्हे नंबरातली रेघ आपण भागाकार म्हणून कधीच वाचली नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. जोडायचा दुसरा तुकडाच जर '/' ने सुरू झाला, तर लिनक्सवर त्याच्या आधीचे सगळे गळून पडते. हा दोष नव्हे. सुरुवातीची रेघ म्हणजे 'अगदी मुळापासून' असा अर्थ असतो. मुळापासून सुरू होणाऱ्या पत्त्याच्या मागे आणखी काय जोडणार? विंडोजवर अशा वेळी ड्राइव्हचे अक्षर तेवढे टिकते, बाकीचे जाते.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. पाथलिबमध्ये 'शुद्ध' पत्ते असतात, म्हणजे डिस्कला हात न लावता केवळ पत्त्याचा विचार करणारे. लिनक्सवर बसून विंडोजचा पत्ता कसा वागेल ते तपासता येते, आणि विंडोजवर बसून लिनक्सचा. इंग्रजी मोठ्या लिपीत आणि लहान लिपीत लिहिलेले एकच नाव विंडोजचा शुद्ध पत्ता समान मानतो, लिनक्सचा मानत नाही. कारण त्या यंत्रणांची रीतच तशी आहे. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे, तेही उसने, त्याला दुसऱ्या यंत्राची तालीम फुकट मिळते. ही गोष्ट शिकवणीत मी एकदाही ऐकलेली नाही.

या मतावर दोन आक्षेप येतात. काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, सगळीकडे '/' लिहा, विंडोज तीही रेघ स्वीकारते. हे बव्हंशी खरे आहे. फाईल उघडताना विंडोज दोन्ही रेघा चालवून घेते, आणि मजकूरच चिकटवायचा असेल तर '/' ने चिकटवणे केव्हाही बरे. पण आपण दिलेला पत्ता आणि यंत्राने आपल्याला परत दिलेला पत्ता यांत फरक आहे. फोल्डरातल्या फाईलींची यादी मागितली की विंडोज ती आपल्याच रेघेने देणार, आणि मग ओव्यांच्या जिल्ह्यांचा वरचा घोटाळा उलट दिशेने होणार. दुसरे काही जण म्हणतात, सगळेच विंडोज वापरतात. हे म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात बहुधा अँड्रॉइडचा मोबाईल असतो, आणि त्याच्या गाभ्यात लिनक्स असते. ब्राउझरमध्ये फुकट मिळणाऱ्या गुगलच्या कोलॅबमध्ये पायथन चालवले तर पलीकडचे यंत्रही लिनक्सचेच असते. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्याला आज हेच दोन आधार आहेत. 'सगळे' या शब्दात तो विद्यार्थी कधी मोजला जातो की नाही, असा प्रश्न मला पडतो.

चालू फोल्डराचा मुद्दाही येथेच सांगितला पाहिजे. नुसते फाईलचे नाव दिले तर पायथन ती प्रोग्रॅमच्या शेजारी शोधते असा पुष्कळांचा समज आहे. ती शोधते ज्या फोल्डरात उभे राहून प्रोग्रॅम सुरू केला त्या फोल्डरात. 'समोरच्या घरात' हा पत्ता सांगणाऱ्याच्या दारातून बरोबर असतो, एसटी स्टँडवरून नसतो. म्हणून प्रोग्रॅमने आधी स्वतःचा ठावठिकाणा विचारावा आणि माहितीच्या फाईलींचा पत्ता तिथून मोजावा. पाथलिबमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. ती ओळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर असली की ड्राइव्हचे अक्षर लिहिण्याचा प्रसंगच येत नाही, आणि अख्खे फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून कुठेही नेता येते.

मात्र पाथलिब म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रेघेचा प्रश्न ते सोडवते, नावाच्या आतल्या अक्षरांचा सोडवत नाही. आणि इथे मराठी माणसाचे काही खास प्रश्न आहेत, जे इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. आपल्याला संक्षेपांची आणि त्यांच्या पूर्णविरामांची फार हौस. 'ता. कोरेगाव' असे फोल्डरचे नाव ठेवले आणि पाथलिबला त्याचा शेपटीचा भाग विचारला, तर ते 'कोरेगाव' हाच फाईलचा प्रकार समजते, कारण शेवटच्या टिंबापासूनचा भाग म्हणजे प्रकार असा नियम आहे. प्रकार बदलायला सांगा, की कोरेगाव पुसले जाऊन नुसता 'ता' उरतो. 'मु. पो.' सारखे टिंबावर संपणारे नाव दिले तर विंडोज शेवटचे टिंब न सांगता गाळून टाकते, लिनक्स ठेवते. इंग्रजीत 'कॉन' नावाचे फोल्डर विंडोजवर करता येत नाही आणि ते बिल गेट्सलाही जमत नाही, ही दंतकथा तर आपण सर्वांनी शाळेतच ऐकली आहे. तिच्यात गूढ काही नाही. फोल्डर नव्हते त्या काळी कॉन हे कीबोर्ड-पडद्याचे राखीव नाव होते, ते आजवर राखीवच राहिले.

आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे एका भांडणातून आपण सुटलो. पण 'ऱ'ने ती कसर भरून काढली आहे. 'शेतकऱ्यांची गाणी' या नावाची फाईल घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये एका क्रमांकाने लिहिता येतो, तसाच र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान आहेत. २०१७ पर्यंत मॅकवर रूढ असलेली फाईलव्यवस्था प्रत्येक नाव फोडून, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने ठेवीत असे. विंडोज आणि लिनक्स जसे दिले तसे ठेवतात. परिणामी जुन्या मॅकवरून आलेली 'शेतकऱ्यांची गाणी' आणि लॅबमध्ये टाईप केलेली 'शेतकऱ्यांची गाणी' या लिनक्सच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या फाईली होतात, एकाच फोल्डरात शेजारी शेजारी नांदतात, आणि डोळ्यांना तसूभरही फरक दिसत नाही. शिवाय काही जण हाच चंद्रकोरीसारखा अर्धा र साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन काढतात. ते तिसरे रूप युनिकोडच्या दृष्टीनेही समान नाही. पहिली दोन रूपे एक करण्याची सोय पायथनमध्ये आहे, तिसऱ्याची आपली आपण करावी लागते. दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्या, कामकऱ्या. मराठीत हा ऱ पावलोपावली आहे, म्हणून ही अडचण दुर्मीळ समजू नये.

लांबीचेही तसेच. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला आणि हलन्तालाही, तीन लागतात. 'महाविद्यालयीन' या एका शब्दाचे एकोणचाळीस बाइट होतात. म्हणजे नावात जास्तीत जास्त पंच्याऐंशी चिन्हे. विंडोज २५५ चिन्हे मोजते, म्हणून तिथे चालणारे लांब मराठी नाव लिनक्सवर अडते. उलट विंडोजची अख्ख्या पत्त्यावर २६० ची जुनी मर्यादा आहे; २०१६ पासून ती उठवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. ओवीची पहिली ओळ फाईलला नाव म्हणून द्यायचा मोह मराठीच्या विद्यार्थ्याला होणारच. त्याऐवजी फाईलला क्रमांक द्यावा आणि ओळ आत लिहावी.

यावर 'मग सगळी नावे इंग्रजीतच ठेवा' असा सल्ला ताबडतोब येतो. अनुभवी माणसेही तो देतात, आणि आजचे काम आज उरकायचे असेल तर तो सोयीचा आहे हे मी नाकारत नाही. परंतु ज्या संग्रहात गावांची नावे हीच माहिती आहे तिथे त्यांचे इंग्रजी स्पेलिंग करायचे कोणी आणि कसे? एकाच गावाची चार स्पेलिंगे आपण एसटीच्या पाट्यांवरच पाहतो. नावे मराठीत ठेवावीत, पण ती ठेवण्याचे नियम आधी ठरवून लिहून काढावेत, असे माझे मत आहे. ऱ कसा टाईप करायचा, टिंब द्यायचे की नाही, तिरकी रेघ कशाने बदलायची: सातबाराला '७-१२' म्हणायचे की अक्षरी लिहायचे. संपादनाचे नियम असतात तसे हे नावांचे नियम. हे काम संगणक विभागापेक्षा मराठी विभागच अधिक चांगले करील.

राहता राहिली शिकवण्याची गोष्ट. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे की टिपणांतून ड्राइव्हची अक्षरे काढून टाकावीत आणि पाथलिब पहिल्या पंधरवड्यातच शिकवावे. ते 'प्रगत' म्हणून शेवटच्या प्रकरणात ढकलले जाते, आणि शेवटचे प्रकरण आपल्याकडे बहुधा परीक्षेनंतरच संपते. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाचा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या यंत्रावर न चालवता शेजारच्या यंत्रावर चालवून पाहावा आणि त्याला निदान पाच गुण ठेवावेत. लॅबमधल्या दोन संगणकांवर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवावे. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत, परवानगी तेवढी हवी. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते आणि आम्ही चार-पाच जण यायला तयार आहोत.